सरळ बॅट कशासाठी?

क्रिकेट शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवसापासून बजावले जाते, 'बॅट सरळ आण, पॅडच्या जवळून आण.' हा नुसता रिवाज नाही. त्यामागे साधे गणित आहे.

ताशी १३० कि.मी. वेगाचा चेंडू सेकंदाला ३६ मीटर जातो. दोन्ही टोकांच्या फलंदाजी-रेषांमधील अंतर १७.६८ मीटर. म्हणजे फलंदाजाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. त्यातला सुमारे ०.२ सेकंद तर प्रतिक्रिया सुरू होण्यातच जातो. शिवाय टप्प्यानंतर चेंडू किती उसळेल, हे आधी नेमके सांगता येत नाही. पाते उभे असेल, तर उंचीचा अंदाज वीतभर चुकला तरी चालते. तेच आडवे केले, की उंचीसाठी पात्याच्या रुंदीएवढीच, म्हणजे फार तर १०.८ सें.मी., जागा उरते.

आता पॅडचे पाहू. चेंडूचा परीघ सुमारे २२.५ सें.मी. त्याला ३.१४ ने भागले, की व्यास येतो ७.२ सें.मी. बॅट व पॅड यांत याहून मोठी फट राहिली, तर चेंडू आत शिरणारच. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा केल्या होत्या. २०२० च्या अ‍ॅडलेड कसोटीत, दुसऱ्या डावात, कमिन्सचा चेंडू अशाच फटीतून त्याच्या यष्टींवर गेला. भूमिती कुणालाच सूट देत नाही.

वर्गात करून पाहा: उभी धरलेली फूटपट्टी न सांगता सोडा व विद्यार्थ्याला चिमटीत पकडू द्या. ती २० सें.मी. घसरली, तर त्याचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२ सेकंद. का, ते विद्यार्थ्यांनाच काढू द्या.