अंगणात वावळा लावायचा का?

गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचे नवे घर बांधून झाले. प्लॉट चाळीस बाय साठ फुटांचा, म्हणजे घर सोडून पुढे वीस फूट अंगण उरले. पहिल्या पावसाच्या आधी माझे सासरे, अब्बा, खेड्यावरून पिशवीत एक रोप घेऊन आले.

"वावळा आहे बेटा," ते म्हणाले. "आमच्या जुन्या घरामागं हेच झाड होतं. त्याच्या पापड्या वेचून आतल्या बिया खात आम्ही लहानाचे मोठे झालो."

रोप पाहून मला आनंद झाला, पण मन लगेच धाकट्या मुलीकडे गेले. तिला दम्याचा त्रास आहे. हिवाळा सरता सरता तिचा पंप हाताशी ठेवावा लागतो. अब्बांना नाही कसे म्हणावे, आणि हो तरी कसे म्हणावे? मी म्हटले, "अब्बा, चार दिवस थांबू या. आधी झाड नीट समजून घेऊ."

वावळा हा आपल्याच मातीतला वृक्ष. हिंदीत त्याला चिलबिल किंवा पापडी म्हणतात. परदेशातल्या प्रसिद्ध 'एल्म' वृक्षांच्या कुळातला असल्याने त्याला 'इंडियन एल्म' असेही नाव आहे. साल राखाडी, पान चुरगळले की उग्र वास. कमी पावसात, हलक्या जमिनीतही तो तग धरतो आणि तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. अशा झाडाला वाईट कोण म्हणेल? पण झाड चांगले असणे वेगळे आणि ते आपल्या अंगणाला मानवणे वेगळे. ते ठरवताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या.

पहिली जागा. वावळा पन्नास-साठ फूट सहज वाढतो. गावाबाहेर एक जुने झाड आहे. भर दुपारी अब्बांनी बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंत पावले मोजली. पंचवीस भरली. आमचे अंगण तेवढेही नाही! कोणतेही रोप घेण्याआधी त्याच जातीचे पूर्ण वाढलेले झाड शोधून असे मोजून पाहावे. पिशवीतले रोप सगळ्यांनाच छोटे दिसते.

दुसरी जमीन. आमच्याकडे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मोठे झाड पायाजवळ असले की मुळे तिथले पाणी ओढून घेतात, माती आणखी आकसते आणि भिंतीला तडे जाण्याचा धोका वाढतो. मुरमाड जमिनीवर ही काळजी कमी असते.

तिसरी गोष्ट ऋतूंची. आपण अंगणात झाड लावतो ते उन्हाळ्यातल्या सावलीसाठी. वावळ्याची पाने हिवाळ्याच्या अखेरीस गळतात आणि निष्पर्ण फांद्यांवर बारीक फुले येतात. पुढे गोल, कागदासारख्या पातळ पापड्यांचे घोस लटकतात. त्या वाळल्या की वाऱ्यावर उडून शेजाऱ्यांच्या गच्चीत, टाकीत, पन्हाळात पडतात आणि पावसाळ्यात जागोजागी रोपे उगवतात. ती वेळीच उपटली नाहीत तर भिंतीच्या फटीत घर करतात. आपल्या झाडाचा केर शेजाऱ्याने रोज का काढावा?

चौथी आणि आमच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट परागांची. वावळ्याचे पराग वाऱ्यावर पसरतात. भारतात, विशेषतः उत्तरेकडे, दमा आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना ते चांगलेच परिचित आहेत. प्रत्येकाला त्यांचा त्रास होतो असे नाही. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे तज्ज्ञ डॉक्टर त्वचेवरच्या चाचणीतून सांगू शकतात. पराग दूरवरूनही येतात, त्यामुळे झाड न लावल्याने मुलीचा दमा बरा होणार नव्हता. पण तिच्या खिडकीशीच ते झाड नको, एवढे तरी आमच्या हातात होते.

"आत्ता लावू, त्रास झाला तर तोडू," असे आमचे दीर म्हणाले. शहरी भागात तेही सोपे नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. शिवाय वाढलेले झाड तोडताना कोणाच्या मनाला बरे वाटते? विचार करायचा तो लावण्याआधी.

माझ्या नणंदेचे कुटुंब अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते. तिच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिकडे नर्सरीत 'एल्म' नावाखाली अनेक जाती मिळतात. अमेरिकन एल्म देखणा, पण १९३० च्या सुमारास तिथे पोहोचलेल्या 'डच एल्म' या बुरशीजन्य रोगाने असंख्य झाडे मारली. म्हणून तो घ्यायचाच तर 'प्रिन्स्टन' किंवा 'व्हॅली फोर्ज' अशा, रोगाला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या वाणांचा घेतात. सायबेरियन एल्म भराभर वाढतो, पण फांद्या ठिसूळ. टेक्सासचा स्थानिक सीडर एल्म तिथली चुनखडीची माती आणि उष्मा सोसतो, मात्र त्याचे पराग पावसाळी दिवसांनंतर शरदाच्या सुमारास उडतात. मी तिला फोनवर एवढेच म्हटले, "आपा, नुसतं एल्म म्हणून घेऊ नका. कोणती जात, कोणता वाण, ते विचारा आणि घरात कोणाला शिंका येतात तेही बघा."

शेवटी अब्बांनीच तोड काढली. आमच्या शेताच्या कडेला ओढा आहे. तिथे घर नाही, भिंत नाही आणि जागा भरपूर. आषाढात त्यांनी वावळ्याचे रोप तिथे लावले. जनावरांपासून वाचवायला बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले. अंगणात आम्ही सीताफळ लावले. दहा-पंधरा फुटांत मावणारे, कमी पाण्यावर जगणारे आणि आमच्या बालाघाटाच्या डोंगरातले ओळखीचे झाड.

परवा धाकटी आजोबांबरोबर शेतात जाऊन आली. रोप तिच्या खांद्याएवढे झाले आहे. "दादा म्हणाले, मोठी झाले की पापड्यांतल्या बिया खायला तिथं जायचं," तिने सांगितले. मी म्हटले, "जायचं. पण फुलं झडून गेल्यावर."