मत्स्यपेटीतले मोठे मिशाळ मासे : ओळख आणि निगा

घरात मत्स्यपेटी ठेवण्याची हौस चांगली. मुलांना तीतून रोजची निगा राखण्याची सवय लागते. पण दुकानातून आणलेला बोटाएवढा मिशाळ मासा वर्षभरात फूटभर होतो, पेटीतले बाकीचे मासे एकेक करून नाहीसे होतात, आणि मग उज्जैनच्या घरांत सोपा उपाय सुचतो : राम घाट जवळच आहे, शिप्रेत सोडून देऊ. तसे करणे का बरे नव्हे, ते पुढे सांगतो. आधी मासा ओळखू या.

कॅटफिश म्हणून दुकानात जे मोठे मासे मिळतात, त्यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती मिशा असतात. मिशांच्या जोड्या मोजाव्यात. लाल शेपटीचा कॅटफिश दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीचा. त्याला मिशांच्या तीन जोड्या, पाठ काळपट, कुशीवर पांढरा पट्टा आणि शेपूट नारिंगी-लाल. पिल्लू फार गोजिरे दिसते, पण पूर्ण वाढ एक मीटरच्या वर जाते. दुसरा पंगास. दुकानदार त्याला ‘शार्क’ म्हणून विकतात, पण शार्कशी त्याचा काही संबंध नाही. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीचा. मिशांच्या दोन जोड्या, लहानपणी अंगावर लांबट काळे पट्टे. हाही मीटरभराच्या पुढे वाढतो. शिवाय स्वभावाने भित्रा, दचकला की काचेवर नाक आपटून घेतो.

तिसरा आफ्रिकन मागूर. बाजारात त्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात. त्याचा पांढरा वाणही हौसेखातर विकला जातो. मिशांच्या चार जोड्या, डोके चपटे, पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग. आपल्या देशी मागुराचीही ठेवण अशीच असते, पण तो साधारण फूट-दीड फुटावर थांबतो. आफ्रिकन मागूर मीटरभर होतो आणि जे मिळेल ते खातो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिची अंमलबजावणी करण्यास बजावले. तेव्हा हा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आपल्या नद्यांतही मोठे शिकारी मिशाळ मासे आहेत. शिंगाळ्याला मिशांच्या चार जोड्या असतात आणि पाठीवरच्या मागल्या मऊ पराच्या टोकाशी काळा ठिपका. हिंदीत ज्याला पढिन म्हणतात, त्याच्या जबड्याची चीर डोळ्याच्याही मागे जाते आणि पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांब असतो. हे मासे नदीतच शोभतात.

आता हिशेब पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. मीटरभर माशाला नीट वळता यावे, तर चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौद हवा. म्हणजे ८,००० लिटर, आठ टन पाणी! राहत्या घराचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. इथे १,००० किलो पडतात. ‘पेटी लहान असली की मासा लहान राहतो’ असे दुकानदार सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. तो खुंटतो, त्याचा कणा वाकतो आणि तो लवकर मरतो.

ज्यांच्याकडे मासा आधीच आहे, त्यांनी इतके करावे. पेटीवर जड झाकण ठेवावे. मागूर तर हवेत श्वास घेऊन बाहेर पडून सरपटत जातो. पिल्लाला रोज, पण मोठ्या माशाला आठवड्यातून दोनतीनदाच कोळंबी किंवा माशाचे तुकडे घालावेत. उरलेले लगेच काढावे, कारण कुजलेल्या अन्नातून व विष्ठेतून अमोनिया होतो आणि त्याने कल्ले भाजतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवले की क्लोरीन उडते. माळव्यात हिवाळ्याच्या रात्री पारा दहा अंशांखाली येतो, म्हणून हीटर हवा, पण जाळीच्या आत. हे मासे दिसेल ते गिळतात. मासा हाताने धरू नये. परांतला काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

राहिला राम घाट. माशाला जीवदान दिले असे सोडणाऱ्याला वाटते. पण शिप्रा चंबळेला मिळते आणि चंबळ यमुनेला. पिंजऱ्यातली वाघीण गावात सोडावी तसे हे आहे. शिप्रेचा प्रवाह उन्हाळ्यात इतका आटतो की २०१४ पासून तीत नर्मदेचे पाणी आणून सोडतात. अशा उथळ, प्राणवायू कमी असलेल्या डोहात आपले मासे गुदमरतात आणि हवेत श्वास घेणारा मागूर तग धरून त्यांची पिल्ले खातो. घरच्या पाण्यातले रोगही माशाबरोबर नदीत जातात.

मासा सांभाळवत नसेल, तर आधी दुकानदाराला परत घ्यायला सांगावे, मोठा हौद असलेल्या हौशी माणसाकडे चौकशी करावी, मत्स्यविभागाच्या कार्यालयात विचारावे. यातले काहीच जमले नाही, तर लवंगेच्या तेलाने त्याला बेशुद्ध करून मारावे लागेल. ऐकायला हे कठोर वाटते, आम्हालाही वाटते. तरी नदीत सोडण्यापेक्षा ते बरे. मेलेला मासाही नदीत टाकू नये, मातीत खोल पुरावा.