ज्वालामुखीवरचा सूर्योदय बघायचाय? मग रोहिड्यावर चला

बालीतल्या बातूरवर किंवा जावातल्या ब्रोमोवर पहाटे गाईडबरोबर चढून सूर्योदय बघणाऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. तसा अनुभव घ्यायला विमानाचं तिकीट लागत नाही. सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ उभं राहून आजूबाजूला जे डोंगर दिसतात, ते सगळे ज्वालामुखीच्या लाव्हाचेच आहेत. सारोळ्याहून भोर, भोरहून बाजारवाडी आणि तिथून चढून रोहिडा, एवढाच प्रवास. हिवाळ्यात साडेपाचला बॅटरी घेऊन चढायला लागलात, तर सूर्य उगवायच्या आत वर पोचाल.

पण वर गेल्यावर एक प्रश्न हमखास येतो: "मग ज्वालामुखीचं तोंड कुठाय?"

तोंड नाहीये. रोहिडा हा ज्वालामुखी नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन सपाट पसरत गेला. शेणाने सारवलेली जमीन आठवा. एक हात सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. तसे थरावर थर चढत गेले. डोंगर नंतर झाले. पावसाने आणि नद्यांनी मधला भाग कोरून नेला, उरला तो रोहिडा, राजगड, तोरणा. म्हणजे तुम्ही ज्वालामुखी चढत नसता, तर त्याने रचलेली चळत खालून वर चढत असता. पायथ्याचा थर सगळ्यात जुना, माथ्याचा सगळ्यात नवा.

हे बघायला पहाटच का? कारण तिरप्या उन्हात समोरच्या डोंगरांच्या पायऱ्या स्पष्ट उठून दिसतात. थराचा घट्ट भाग झिजत नाही, तिथे उभा कडा राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग लवकर झिजतो, तिथे उतार तयार होतो. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात या पायऱ्या जवळजवळ पुसल्या जातात.

दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा दिसतो. विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. आमच्या विषयात हा पट्टा फार मोलाचा. लाव्हा थांबला, हवा-पावसाने वरचा भाग कुजून माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, असा त्याचा अर्थ. त्या काळात हवेतून पडलेली ज्वालामुखीची राखही या मातीत सापडते. राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात, स्फटिकात युरेनियम असतं. युरेनियमचं शिसं ठरावीक वेगाने होतं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं.

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दख्खनच्या वयाबद्दल दोन शोधनिबंध एकदमच आले. एका गटाने झिरकॉन मोजले, दुसऱ्याने खुद्द खडकातल्या खनिजांमधला अरगॉन वायू. सगळे उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांत आटोपले, यावर दोघांचं साधारण एकमत आहे. मतभेद आहे तो डायनासोर नष्ट झाले तो क्षण या चळतीत कुठे बसवायचा यावर. झिरकॉनवाल्यांच्या मते 'पोलादपूर' नावाचे मोठे थर त्याच्या हजारो वर्षं आधी वाहायला लागले. अरगॉनवाल्यांच्या मते ते थर त्या क्षणाच्या आसपास सुरू झाले आणि बहुतेक लाव्हा नंतरच आला. पहिलं खरं असेल, तर मेक्सिकोत आदळलेल्या अशनीच्या आधीच दख्खनच्या वायूंनी हवामान बिघडवलं असू शकतं. दुसरं खरं असेल, तर मुख्य दोष अशनीकडे जातो.

वायू एवढे महत्त्वाचे का? लाव्हापासून पळता येतं, हवेपासून नाही. १७८३ मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला, सुमारे १५ घन किलोमीटर. फ्लोरिनयुक्त वायूंनी गवत विषारी झालं, गुरं मेली आणि नंतरच्या दुष्काळात देशाची जवळजवळ एक पंचमांश माणसं गेली. दख्खनचा एकूण लाव्हा याच्या हजारो पट होता.

म्हणून आम्ही 'किती' पेक्षा 'किती वेगाने' हे जास्त विचारतो. सावकाश सोडलेला कार्बन समुद्र आणि खडक पचवतात, घाईने सोडलेला नाही. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही.

चढताना दुसऱ्या दरवाज्यापाशी पाण्याचं टाकं लागेल, तिथे थांबा. ते ज्यांनी खोदलं त्यांना भेगा आणि युरेनियम ठाऊक नव्हतं, पण कुठल्या खडकात पाणी टिकतं हे पक्कं ठाऊक होतं. आणि घाटरस्त्याच्या कापात गेरूचा पट्टा दिसला तर हात लावून जरूर बघा, पण उकरू नका. पुढच्या मोजणीचा नमुना कदाचित तिथूनच घ्यायचा असेल.