अठरा वेळा वाजलेली घंटा

२३ मार्च २०१९ची पहाट. ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याने ट्रॉम्सोहून दक्षिणेला स्टाव्हांगरकडे चाललं होतं. जहाजावर तेराशेहून जास्त माणसं आणि बाहेर वादळ. पहाटे पाच ते सकाळी नऊ वाजून चार मिनिटं या वेळात इंजिनरूमच्या पडद्यावर वंगणतेल कमी असल्याचे इशारे १८ वेळा आले. प्रत्येक वेळी इशारा मिळाल्याचं बटण दाबलं गेलं आणि काही सेकंदांत इशारा नाहीसा झाला. समुद्र खवळलेला, जहाज डोलतंय, तेल टाकीत हेलकावतंय, मग पातळी दाखवणारा सेन्सर क्षणभर उघडा पडणारच, असं समजायला पुरेपूर जागा होती.

दुपारी १.३७ला चौथ्या इंजिनाकडून वेगळी तक्रार आली. आता तेलाचा दाब कमी होता. १.४५ला ते इंजिन बंद पडलं आणि आठ सेकंदांनी दुसरं. अकराएक मिनिटांनी दुसरं पुन्हा सुरू करता आलं, पण १.५८ला तेही थांबलं आणि पहिलंही. तिसरं इंजिन टर्बोचार्जर बिघडल्यामुळे आधीपासूनच उपलब्ध नव्हतं. हुस्टाडव्हिका हा खडकांनी भरलेला किनारपट्टा, आणि त्याच्या तोंडाशी एवढं मोठं जहाज वीज आणि पंखा दोन्ही गमावून वाहत निघालं. नांगर टाकले, ते धरेनात. हेलिकॉप्टरांनी ४७९ प्रवाशांना एकेक करून उचललं. इंजिन पुन्हा चालू होईपर्यंत जहाज आणि खडक यांच्यामध्ये जेमतेम जहाजाच्या लांबीइतकं अंतर उरलं होतं.

चौकशीत कारण निघालं ते अगदी साधं. तेलाच्या टाक्या २८ ते ४० टक्के भरलेल्या होत्या. इंजिनं बनवणाऱ्याच्या शिफारशीप्रमाणे त्या ६८ ते ७५ टक्के भरलेल्या असायला हव्या होत्या. जहाज कलल्यावर तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडलं, पंपाने तेलाऐवजी हवा ओढली, दाब कोसळला, आणि इंजिनाने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःला बंद केलं. पहाटेचे ते अठरा इशारे खरं बोलत होते.

कोकणातल्या एखाद्या ट्रॉलरच्या इंजिनखोलीत वाकून उतरताना हे जहाज आठवायचं काही कारण नाही. तिथे पडदा नसतो, काजळी धरलेल्या पत्र्यावर तीन-चार दिवे असतात. पण दिव्याशी वागायची आपली रीत तीच आहे. दिवा लागला की तो कसा विझेल हे आपण आधी पाहतो. दिवा नक्की काय सांगतोय, हा प्रश्न नंतर पडतो; कधी पडतही नाही.

जुन्या इंजिनावरचा तेलाचा दिवा म्हणजे एक बल्ब, एक तार आणि इंजिनाच्या अंगात बसवलेला एक स्विच. तेलाला दाब नसला की स्विच आतून जोडलेला असतो, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, दाब आला, की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा तार तुटलीय, आणि मग भर समुद्रात तेल संपलं तरी तो दिवा लागणार नाही. लागलेल्या दिव्याला माणूस घाबरतो हे ठीक. न लागणाऱ्या दिव्याला मात्र कोणीच घाबरत नाही, आणि माझ्या मते जास्त इंजिनं त्यानेच खाल्ली असतील.

चार्जिंगच्या दिव्याची गंमत आणखी वेगळी. बऱ्याच अल्टरनेटरना वीज तयार करायला सुरुवातीचा धक्का या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच मिळतो. बल्ब उडाला की दिवा गप्प बसतो आणि अल्टरनेटरही निजून राहू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला की आधी चार्जिंगचा दिवा लागतो. अनेक इंजिनांत त्याच पट्ट्यावर गोडं पाणी फिरवणारा पंपही असतो. ‘बॅटरीचं काय ते बंदरात गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला थोड्याच वेळात तापमानाचा काटा लाल पट्टीत दिसतो. तेव्हा चार्जिंगचा दिवा लागला तर बॅटरी पाहायच्या आधी पट्टा पाहावा.

इलेक्ट्रॉनिक इंजिनं आली आणि दिव्याच्या जोडीला आकडे आले. हे आकडे भीतिदायक दिसतात, पण त्यांचं व्याकरण सरळ आहे. ‘जे १९३९’ नावाच्या, मूळच्या ट्रकांच्या पद्धतीत प्रत्येक दोषाला दोन आकडे असतात. पहिला सांगतो कशाबद्दल तक्रार आहे: १०० म्हणजे तेलाचा दाब, ११० म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान, ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी, १६८ म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. दुसरा आकडा सांगतो तक्रार कोणत्या प्रकारची आहे. खरी मेख या दुसऱ्यात असते, आणि फोनवरून मिस्त्रीला कळवताना नेमका तोच गाळला जातो.

तेलाच्या दाबाचा सेन्सर बहुधा ५ व्होल्टवर चालतो. दाब शून्य असेल तेव्हा तो साधारण अर्धा व्होल्ट परत पाठवतो, पूर्ण दाबाला साडेचार. शून्य किंवा पूर्ण पाच व्होल्ट तो धडधाकट असताना कधीच पाठवत नाही. त्यामुळे इंजिनाच्या संगणकाला दोन गोष्टींत फरक करता येतो. अर्ध्या व्होल्टच्या आसपास निरोप आला तर दाब खरंच नाही, आणि तो लिहितो १००, १. शून्य व्होल्ट आले तर निरोप्याचाच गळा दाबला गेलाय, तार जमिनीला टेकलीय. तो लिहितो १००, ४. पाच व्होल्ट आले तर १००, ३. आणि दाब हळूहळू घसरत असेल तर १च्या आधी १८ येतो, म्हणजे ‘मध्यम गंभीर’. १००, १ दिसलं की इंजिन त्या क्षणी बंद करायचं. १००, ३ किंवा १००, ४ दिसलं तर बहुधा भांडण तारेशी आहे. तरीही घाई नको. आधी तेल मोजायची पट्टी काढून तेल पाहावं, मग साधं यांत्रिक गेज लावून दाब मोजावा, आणि त्यानंतरच तारेला दोष द्यावा.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका बोटीवर असाच खेळ मी पाहिला. तेलाचा दिवा मधूनच लागायचा, मधूनच जायचा. “सेन्सर तीनदा बदलला,” बोट चालवणारा तांडेल वैतागून सांगत होता. “तिन्ही नवे. पैसे गेले ते गेलेच.” मिस्त्रीने सेन्सरला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून तो तारेच्या कडेने हात फिरवत गेला, दर वितीवर तार हलवत. इंजिनाच्या पायाजवळ, जिथे तार थरथरत पत्र्याला घासते, तिथे दिवा लुकलुकला. वरचं आवरण शाबूत होतं. आत तांब्याचे धागे हिरवे पडून पावडर झाले होते. “खारं पाणी वायरीच्या आतून चढतं,” एवढंच तो म्हणाला आणि दीड हात तार कापून टाकली. तांबं एकदा खाऱ्या ओलाव्यात सापडलं की आवरणाच्या आत बोटभर नव्हे, हातभर कुजत जातं. टोकाला नवा लग दाबून भागत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जावं लागतं.

तापमानाचा दिवा हा समुद्राशी थेट नातं असलेला. रस्त्यावरच्या ट्रकाला वारा थंड करतो; बोटीच्या मोठ्या इंजिनात बहुधा पाण्याचे दोन फेरे असतात. आतला फेरा गोड्या पाण्याचा, बाहेरचा समुद्राच्या पाण्याचा. दोघांची गाठ हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत पडते, पाणी एकमेकांत न मिसळता. बिघाड बहुतेक वेळा बाहेरच्या फेऱ्यात होतो, आणि बाहेरून आत शोधत गेलं तर तो लवकर सापडतो. तळाच्या भोकावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली का? वॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना? गाळणीत शेवाळ, कालवं, मासळीचा चुरा? मग रबरी इम्पेलर. पंपाला पाणी मिळालं नाही की हा रबरी पंखा कोरडा फिरून थोड्याच वेळात जळतो, पाती मोडतात. नवा इम्पेलर बसवताना जुन्याची पाती मोजायलाच हवीत. सहापैकी दोन सापडली नाहीत, तर ती पुढे वाहत जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असतात. ती काढली नाहीत तर नवा इम्पेलर असूनही इंजिन तापत राहतं, आणि मग नशिबाला बोल लावला जातो.

तापमानाचा सेन्सर एका बाबतीत दगा देतो. तो पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याची खबर देतो. आतलं गोडं पाणी फुटलेल्या पाइपातून वाहून गेलं, की सेन्सर हवेत लटकतो आणि इंजिनाचं डोकं जळत असताना काटा निवांत पडून राहतो. म्हणून जुने ड्रायव्हर काट्यापेक्षा बोटीच्या कुशीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघतात. धार बारीक झाली, तुटक झाली, की काटा हलायच्या आधी ते इंजिन हळू करतात. तापलेल्या इंजिनाच्या पाण्याचं झाकण मात्र कोणीही लगेच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं आणि थेट तोंडावर येतं.

डिझेलमधल्या पाण्याबद्दल फार सांगायला नको. बंदरावर ते सगळ्यांना पाठ आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं, पाणी तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट गाळ करतात. डिझेलमधून पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या तळातलं पाणी सोडलं की पाण्याचा दिवा जातो. पण तोच दिवा आठवड्यात तिसऱ्यांदा लागला तर सेपरेटर सोडून टाकीकडे वळावं.

एकाच वेळी आठ-दहा दोष दिसले तर इंजिनात आठ-दहा बिघाड झालेले नसतात. बहुधा त्या सगळ्यांची समाईक तार, समाईक ५ व्होल्ट किंवा जमिनीची जोडणी गेलेली असते. दुबळी बॅटरी सेल्फ मारताना इतकी खाली जाते की संगणक गोंधळून भलतेच आकडे लिहून ठेवतो. सेन्सरांच्या तारा ठीक असून इंजिन, गेज आणि पडदा यांना जोडणारी जाळी गेली असेल, तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. ही ‘कॅन’ जाळी बॉश कंपनीने १९८६मध्ये जगापुढे आणली. तिच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात. वीज बंद करून दोन तारांत मीटर लावलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोधक किंवा मधली तार निसटलेली आहे. दोनशे-तीनशे रुपयांच्या मीटरने हे कळतं.

‘व्हायकिंग स्काय’च्या इंजिनरूममध्ये वीज गेल्यानंतर पहिल्या दहा सेकंदांत सुमारे १,००० इशारे आले. त्या गर्दीत पहिली तक्रार शोधणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून आपल्या बोटीवर संगणकातले दोष पुसण्याआधी ते लिहून घ्यायचे, कोणता आधी आला, किती तासांवर आला, इंजिन तेव्हा कोणत्या फेऱ्यांवर होतं, हे सगळं वहीत. पुसलेला दोष परत येतो, पण त्याची वेळ परत मिळत नाही. बंदरावर लॅपटॉप घेऊन येणाऱ्या काही मंडळींना आधी सगळं साफ करून मग चौकशी करायची सवय लागली आहे. ती मोडायला हवी.

नव्या इंजिनांची एक सवय समुद्रावर त्रासदायक ठरते. गंभीर दोष दिसला की ती स्वतःची ताकद उतरवतात. रस्त्यावर ट्रक कडेला घेता येतो. भरती-ओहोटीच्या वेळी, गाळाने भरलेल्या खाडीच्या मुखाशी, लाटा मागून येत असताना इंजिन निम्म्या ताकदीवर गेलं, तर वाचवलेल्या इंजिनासह बोट वाळूवर चढेल. काही इंजिनांना अशा वेळी ही मर्यादा झुगारणारी कळ असते. आपल्या इंजिनाला ती आहे का आणि कुठे आहे, हे ओटीवर बसून, शांतपणे, आधीच पाहून ठेवायचं असतं. आणि काहीच चाललं नाही तर नांगर टाकावा, व्हीएचएफच्या १६व्या चॅनेलवर हाक द्यावी, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा.

पावसाळी मासेमारीबंदी संपली की बोटी महिनोन्महिने पाण्यात असतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या तारा त्याच दिवसांत बोलू लागतात. बोटवाल्या वाचकांना एवढीच विनंती: उद्या पहाटे किल्ली फिरवाल तेव्हा सेल्फ मारायच्या आधी क्षणभर थांबा आणि दिवे मोजा. चार लागायला हवे होते आणि तीनच लागले, तर आधी तो चौथा शोधा, मग दोर सोडा.