लोखंड खाणारा पाहुणा

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण बोटं पेन धरेनात. कवितेचं जाऊ द्या, चेकवर सही जमेना! रबरी चेंडू दाबत बसा, असा व्यायाम मिळाला. तो कंटाळवाणा उद्योग पाहून भाचा म्हणाला, "मामू, चेंडू कसला दाबताय? मला एक राक्षस करून द्या."

भाचा आणि त्याचे चार मित्र दर रविवारी आपाच्या जेवणाच्या टेबलाभोवती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. टेबलावर अंगठ्याच्या पेराएवढे योद्धे उभे असतात.

भाच्याला हवा होता 'रस्ट मॉन्स्टर'. हा माणसाला खात नाही, लोखंड खातो. त्याच्या मिशा लागल्या की चिलखताचा गंज होतो. त्याची जन्मकथा मला भारी आवडली. गायगॅक्सना टेबलावर मांडायला राक्षस हवे होते, ते मिळेनात. मग त्यांनी स्वस्तातली प्लॅस्टिकची खेळणी आणली, हाँगकाँगची. त्यांत काही प्राणी असे, की ते कोण हे कुणालाच सांगता येऊ नये. त्यांतल्याच एकाला त्यांनी ही लोखंडाची भूक दिली आणि १९७५ च्या पुरवणीत तो छापून आला. म्हणजे बेट्याचं घराणंच घरगुती!

या खेळातला माणूस तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर. आमचा राक्षस त्याच्या कमरेएवढा, म्हणजे दीड सेंटीमीटरचं धूड. पाठ खवल्या मांजरासारखी, मिशा झुरळाच्या, शेपटीच्या टोकाला पंख्याची पाती. आधी तारेचा सांगाडा केला. पोटाला चॉकलेटची चांदी चुरगाळून बसवली, म्हणजे लगदा कमी लागतो. परदेशातले कारागीर निळी-पिवळी पट्टी मळतात. ती हिरवी झाली की कामाला तयार, आणि पुढे तास-दीड तास हातात असतो. मी आणलं नळाची गळती बुजवायचं एम-सील. दोन वड्या, रंग एकसारखा होईपर्यंत कणकेसारख्या मळायच्या. हातमोजे मात्र हवेत, कातडीला हे रसायन सोसत नाही.

एम-सील कुणासाठी थांबत नाही, ते आपल्या वेळेने आवळत जातं. माझी बोटं मंद. पहिल्या दिवशी लिंबाएवढा गोळा मळला आणि पाय होईस्तोवर त्याचा दगड झाला. चिडून फेकून दिला. चार दिवस टेबलाकडे फिरकलो नाही. मग वाटाण्याएवढं मळायला लागलो. एका दिवशी फक्त पोट. ते कडक झाल्यावर पाय. मग एकेक खवला. ओल्या सुईने रेघ ओढायची. सुई कोरडी असली की लगदा तिच्यामागे चालू लागतो. रेघा जरा जास्तच खोल काढाव्या लागतात, कारण बघणारा हातभर लांब बसलेला असतो. मिशा नुसत्या लगद्याच्या केल्या, त्या दुसऱ्याच दिवशी तुटल्या. तेव्हा आत बारीक तार घालायला हवी होती. पण सुईने पाडलेल्या भोकात ती तार काही केल्या जाईना, हात थरथरायचा. शेवटी तेवढं भाच्याने केलं. मला ते लागलं.

रंगकाम सोपं. आधी तपकिरी रंग दिला. मग पातळ काळा सोडला, तो खाचांत जाऊन बसला. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर नारिंगी फिरवला, की झाला गंज!

रविवारी राक्षस टेबलावर आला आणि पोरं चक्क मागे सरकली. एकाने कित्येक रविवार खेळून एक तलवार मिळवली होती. फासा पडला, तलवार गेली. पोरगा रडवेला झाला. मग त्याने आपल्या योद्ध्याचं चिलखत उतरवल्याचं जाहीर केलं आणि नुसती काठी घेऊन तो पुढे निघाला. माझा राक्षस त्याच्याकडे बघेना! काठीत लोखंड नाही ना. त्या जल्लोषात कुणाचा तरी हात लागला आणि राक्षसाची एक मिशी निखळली.

सोमवारी सकाळी चष्मा लावून बसलो. जुनं भोक साफ केलं, नवी तार कापली. तिसऱ्या खेपेला ती आत गेली.