आरेची सहल आणि तिथला बिबट्या

वन्यजीव बघायचे म्हटले की आपण ताडोबा, नागझिरा असा बेत आखतो, महिनाभर आधी जिप्सी ठरवतो. आज मात्र गोरेगाव स्टेशनवरून बसने जाता येईल अशा जंगलाबद्दल बोलू, म्हणजे आरे कॉलनीबद्दल.

ही जागा मुळात सहलीसाठी नव्हतीच. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर न्यावेत आणि मुंबईकरांना चांगलं दूध मिळावं, म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ३,१६० एकरांवर ही वसाहत सुरू झाली. (खुरोडींना पुढे १९६३ मध्ये कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण आज त्यांचं नाव किती जणांना आठवतं?) मग छोटा काश्मीरची बाग झाली, तलाव झाला, सिनेमावाले आले आणि रविवारी डबे घेऊन कुटुंबं यायला लागली.

आम्हाला नेहमी विचारतात, ‘आरेत बिबट्या आला कुठून?’ प्रश्नच उलटा आहे. वारल्यांचे पाडे आणि बिबटे, दोन्ही तबेल्यांच्या आधीचे. पाड्यांवर वाघोबाला देव मानतात, ते उगाच नाही. शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याची हद्द नकाशावर असली तरी बिबट्याला ती ठाऊक नसते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यावरून कॅमेऱ्यातल्या फोटोंत तो ओळखता येतो. अशा गणनेत उद्यान, आरे आणि आसपासचा भाग धरून २०१५ मध्ये ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७.

एवढे बिबटे खातात काय? जंगलात हरणं आहेतच. पण वस्तीच्या कडेला सर्वांत सोपी शिकार म्हणजे भटकं कुत्रं. इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ च्या एका शोधनिबंधात मांडला होता. आता साखळी बघा. आपण झाडाखाली जेवतो, उरलेली बिर्याणी आणि पावाचे तुकडे तिथेच टाकतो. त्यावर कुत्री जगतात, त्यांच्या मागे रात्री बिबट्या येतो. तोपर्यंत आपण घरी पोचून टीव्ही बघत असतो. अंधारात घराबाहेर पाऊल टाकायची वेळ येते ती तिथे राहणाऱ्यांवर.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत घराच्या ओट्यावर बसलेल्या एका बाईंवर बिबट्याने झडप घातली. हातातल्या काठीने त्यांनी त्याला हुसकावलं म्हणून त्या वाचल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, सोळा महिन्यांची एक मुलगी मात्र वाचली नाही.

अशा वेळी लगेच मागणी होते, ‘सगळे बिबटे पकडून लांब सोडा.’ माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावा लागतो, यात वाद नाही. पण दिसेल तो उचलायचा, हा उपाय जुन्नरकडे करून झाला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. एका बिबट्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो, आणि हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात भांबावतो. आमच्या मते कचरा उचलणं, पाड्यांवर दिवे आणि घराजवळ संडास देणं, हे पिंजऱ्यापेक्षा जास्त कामाचं आहे. उघड्यावर, अंधारात उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला लहानसं जनावर वाटतो.

तुम्ही सहलीला जाल तेव्हा सकाळी जा, दिवस मावळायच्या आत परता. मुलांना पुढे पळू देऊ नका. उरलेलं अन्न डब्यात भरून घरी न्या. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, खाली वाकू नका, मुलाला उचलून घ्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. मोबाइल काढून गर्दीने त्याला घेरणं सर्वांत वाईट, त्याला निघून जायला वाट लागते. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

आणि बहुतेक वेळा तो दिसणार नाहीच. मुंगूस दिसेल, माकडं दिसतील, नशीब असेल तर उदमांजर. आरेच्याच नावाचा एक विंचूसुद्धा आहे, शास्त्रीय नावात ‘आरेयेन्सिस’ असलेला. तो बघायचा तर दगड उलटू नका, जाणकाराबरोबर जा.

वाघबारशीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.