गोधडीचा भाव आणि जाळ्याचा हिशेब

आपण कालव्याकाठची माणसे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, त्याच्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला, आणि पाण्याच्या पाळीवर घरखर्चाचा हिशेब बसवायची सवय आपल्या अंगी मुरली. पण घरातल्या एका कामाचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही. ते ध्यानात आले मुंबईला, समुद्राच्या काठी.

गळीत हंगाम आटोपल्यावर जूनमधल्या एका शनिवारी आमच्या वाडीच्या महिला बचत गटातल्या चौघीजणी आणि मी कफ परेडला गेलो. तेथे वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये हस्तकलेची प्रदर्शने भरत असतात. पुढच्या खेपेस गोधड्यांचा गाळा घ्यावा असे गटाच्या मनात आहे. तत्पूर्वी बाजार डोळ्यांनी पाहून यावा, एवढाच हेतू. गोधडीची किंमत मात्र घरूनच ठरवून नेली होती: बाराशे रुपये.

आत सावंतवाडीची लाकडी खेळणी होती, वारली चित्रे होती, कोल्हापुरी चपला होत्या. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठी. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने त्याच घाटाच्या चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. नाव राखायलाही कारागिराला असे जागे राहावे लागते. भाव तर पुढची गोष्ट.

एका गाळ्यावर हातशिलाईची दुपटी होती. आमच्या काकींनी दुपटे उलटे करून टाका पाहिला आणि विचारले, "बाई, हे शिवायला दिवस किती लागले?"

बाई हसून म्हणाल्या, "ते कोण मोजतंय हो? घरचं काम उरकलं की बसायचं."

काकी काही बोलल्या नाहीत. आमचेही तसेच होते ना!

संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मच्छीमार नगरकडे वळलो. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उंच इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी पाण्याला लागून ही कोळ्यांची वस्ती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर याच किनाऱ्याला उतरले, म्हणून बाहेरच्यांना हे नाव ठाऊक. वस्तीचे रोजचे जिणे मात्र होड्या, जाळी आणि मासळीच्या पाट्या यांचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आपला हंगाम संपलेला, त्यांचाही थांबलेला. होड्या वर ओढून ठेवलेल्या, आणि मोकळ्या जागेत जाळी पसरून माणसे डागडुजीला बसलेली.

त्यात एक डोल जाळे होते. तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी ही लांबच लांब पिशवी. भरती-ओहोटीच्या ओढीत ती बांधून ठेवायची, म्हणजे पाण्याबरोबर मासळी आत शिरते. दोरा गुंडाळलेल्या सपाट सुईने एक म्हातारे कोळीबुवा फाटलेली घरे भरत होते. काकींनी त्यांनाही तोच प्रश्न केला. हात न थांबवता उत्तर आले, "चार माणसं, तीन दिवस. दोरा वेगळा."

शेजारी बसलेल्या कोळीणबाई म्हणाल्या, "मोजायला नको? मजुरी द्यावी लागते. आणि बाजारात पाटी घेऊन मी बसते. खर्च ठाऊक नसेल तर गिऱ्हाईकापुढं कुठवर उतरायचं ते मला कसं कळणार?"

परतीच्या गाडीत काकींनी वहीच मागितली. एक गोधडी एकवीस दिवसांत होते, रोजचे तीन तास धरून. म्हणजे त्रेसष्ट तास. आठ तासांच्या मापाने जवळजवळ आठ दिवस. बाराशेतून दोरा, अस्तर वगैरेचे साडेतीनशे गेले की उरले साडेआठशे. रोज पडला एकशे सहा रुपये! खुरपणीला गेले तरी यापेक्षा जास्त मिळतात. त्यात गाळ्याचे भाडे आणि मुंबईचा प्रवास धरलेलाच नाही.

गाडीत थोडा वेळ सगळ्याच गप्प होत्या. मग एकजण म्हणाली, "उसाचं वजन किलोपर्यंत बघतो की आपण. हे का नाही बघितलं?" खरे आहे. उसाच्या मोळीला काटा आहे. टाक्याला काटा नाही, आणि बाईच्या दुपारची मजुरी तर कोणी धरतच नाही.

गटाने आता बाराशेची किंमत रद्द केली आहे. नव्या किमतीला गोधडी खपेल की नाही, ते गाळा लावल्यावर कळेल. न खपली तर लहान दुपटी करायचा विचार आहे. पण तोट्यात विकून "चार पैसे मिळाले" असे यापुढे म्हणायचे नाही, इतके ठरले.

ज्या सभासद भगिनी घरी गोधड्या शिवतात त्यांनी एक करावे. पहिल्या टाक्याची तारीख, शेवटच्या टाक्याची तारीख आणि रोजचे तास एका चिठ्ठीवर लिहून ती गोधडीलाच टाचून ठेवावी. भाव त्यानंतर ठरवावा.